एका पायावर उभे राहणारे

मागच्या व्याख्यानात आपण दुःखाच्या प्रश्नाशी येऊन थांबलो होतो. ते संपल्यावर एका श्रोत्या बाईंनी विचारलं, "सर, दुःखाची चिकित्सा झाली, पण पडलेला माणूस पुन्हा उभा कसा राहतो, ते तुम्ही तत्त्वज्ञानवाले कधी सांगणार?" प्रश्नात टोला होता आणि तो रास्त होता. म्हणून आज तोच विषय घेऊ.

या प्रश्नाला हल्ली एक तयार उत्तर मिळतं. समाजकार्याचे वर्ग, समुपदेशन केंद्रं, शिक्षकांची प्रशिक्षणं, कंपन्यांच्या कार्यशाळा, बचत गटांचे मेळावे, कुठेही जा, ते ऐकू येतं. माणसाच्या उणिवा मोजत बसू नका, त्याचं बळ मोजा. त्याला काय जमत नाही हे विचारू नका, काय जमतं ते विचारा. इंग्रजीत याला 'स्ट्रेंग्थ्स-बेस्ड प्रॅक्टिस' म्हणतात. मराठीत 'बलाधारित कार्यपद्धती' असा भारदस्त शब्द काढलेला आहे. आपण आज साधं 'बळाची पद्धत' म्हणू. तिच्या जोडीला आणखी एक शब्द येतो, 'रेझिलियन्स'. त्याचं भाषांतर बहुधा 'लवचिकता' असं करतात. त्या शब्दाकडे आपण शेवटी येऊ.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाट पाहावी लागणार नाही. ही पद्धत खोटी नाही. उलट ती माणसाकडे ज्या नजरेनं पाहते, ती नजर बरोबर आहे. पण आपल्याकडे तिचा अर्धाच भाग चालवला जातो. उरलेला अर्धा भाग गाळला, की तीच पद्धत माणसाचं तोंड बंद करण्याचं साधन होते. ते कसं होतं, हे आज पाहायचं आहे.

सुरुवात एका गोष्टीपासून करू, कारण कार्यशाळांत तीच गोष्ट हमखास सांगितली जाते. भिंतीवर चार्ट पेपर, हातात स्केचपेन, आणि प्रशिक्षक सांगतात: हनुमानाला आपल्या शक्तीचा विसर पडला होता, जांबवंतानं ती आठवण करून दिली आणि हनुमान समुद्र ओलांडून गेला. तुमच्यातही असाच हनुमान आहे, तर लिहा आता आपल्या पाच शक्ती. लोक लिहितात. टाळ्या होतात. चहा होतो.

गोष्ट चांगलीच आहे. पण वाल्मीकीनं ती जशी सांगितली आहे, तशी ती कोणी सांगत नाही. किष्किंधाकांडाचा शेवट पाहा. वानर दक्षिणेकडे निघालेले आहेत, सुग्रीवानं दिलेली मुदत संपून गेली आहे, सीतेचा पत्ता नाही. परत जावं तर शिक्षा. अंगदासह सगळे प्राण सोडण्याच्या निश्चयानं बसले आहेत. आजच्या भाषेत बोलायचं तर हा संपूर्ण खचलेला गट आहे. इथे पहिली आशा कुठून येते? जांबवंताच्या भाषणातून नव्हे. ती येते संपातीकडून. पंख जळालेला, उडता न येणारा हा म्हातारा गिधाड खरं तर आयतं भक्ष्य मिळालं म्हणून जवळ आलेला असतो. पण त्याला लांबचं दिसतं. तो सांगतो, सीता लंकेत आहे, मला इथून दिसते. म्हणजे पहिली आशा कौतुकातून आली नाही. ती खऱ्या माहितीतून आली.

मग समुद्राकाठी बसून प्रत्येक जण आपापली उडी सांगतो. कुणी दहा योजनं म्हणतो, कुणी वीस, कुणी तीस. जांबवंत म्हणतो, माझं वय झालं, आता नव्वद. अंगद म्हणतो, शंभर योजनं मी जाईन, पण परत येईन की नाही, याची खात्री नाही. ही बळाची यादीच आहे, पण किती प्रामाणिक! प्रत्येकानं बळाबरोबर मर्यादाही सांगितली आणि कुणाची नाचक्की झाली नाही. अंगद तर युवराज. त्यानं 'परत येणं जमेलसं वाटत नाही' म्हणणं किती अवघड असेल.

त्यानंतर जांबवंत बाजूला गप्प बसलेल्या हनुमानाकडे वळतो आणि त्याच्या जन्माची, सामर्थ्याची आठवण देतो. इथपर्यंत कार्यशाळेत येतं. पुढचं येत नाही. हनुमान निघतो तेव्हा जांबवंत म्हणतो, तू परत येईपर्यंत आम्ही सगळे एका पायावर उभे राहू, आमचे प्राण तुझ्यात गुंतलेले आहेत. आणि वाटेत समुद्राच्या सांगण्यावरून मैनाक पर्वत पाण्यातून वर येतो, विसावा घे म्हणतो. हनुमान त्याला नुसता हात लावून पुढे जातो, पण विसाव्याची जागा वर आलेली असते.

बळाच्या पद्धतीचे दोन अर्धे भाग आम्ही म्हणालो, ते हे. बळाची आठवण देणं हा एक. आठवण देणाऱ्यानं एका पायावर उभं राहणं हा दुसरा.

आता या पद्धतीचा आधुनिक जन्म पाहू. ती अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात १९८०च्या दशकात आकाराला आली. प्रश्न कुणाचा होता? तीव्र मानसिक आजार असलेल्या माणसांचा. मोठी मनोरुग्णालयं रिकामी केली जात होती, वर्षानुवर्षं आत राहिलेली माणसं बाहेर येत होती. त्यांच्या कागदपत्रांत काय होतं? निदान, लक्षणं, औषधं, किती वेळा दाखल झाले. त्या माणसाला स्वयंपाक येतो का, गाणं आवडतं का, कुणी मावशी पत्र पाठवते का, याची नोंद कुठेच नव्हती. चार्ल्स रॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली, तुम्हाला काय हवंय? याआधी काय जमलं होतं? तुमचं कोण आहे? १९८९ साली अ‍ॅन वीक, रॅप आणि सहकाऱ्यांचा यावरचा लेख आला आणि १९९२ साली डेनिस सॅलीबी यांनी संपादित केलेलं पुस्तक आलं. समाजकार्य शिकणाऱ्या बऱ्याच जणांना सॅलीबी हे नाव माहीत असतं.

या माणसांना न्याय द्यायला हवा. त्यांनी केलेली टीका खोल होती. 'रुग्ण' म्हटलं की माणसाचं सगळं बोलणं लक्षण होतं. तो रागावला तर लक्षण, गप्प बसला तर लक्षण, बरा आहे म्हणाला तर आजाराची जाणीव नसल्याचं लक्षण. ज्याच्या बोलण्याला असा अर्थच उरत नाही, त्याला आपण ज्ञानाच्या व्यवहारातून बाहेर काढलेलं असतं. त्याला पुन्हा सांगणारा, जाणणारा माणूस म्हणून बसवणं हे या पद्धतीचं खरं काम. आणि या मंडळींनी परिसरालाही विसरलं नव्हतं. गल्ली, दुकान, शेजार, चर्च, ग्रंथालय हे सगळं बळाचंच भांडार आहे, असं ते म्हणत. 'तुम्ही प्रश्नांकडे डोळेझाक करता, हा तर गोड गोड विचार' असा आक्षेप आला तेव्हा सॅलीबी यांनी १९९६ साली त्याला उत्तरही दिलं. दुःख खरं आहे, ते नाकारायचं नाही, हे त्यांना मान्यच होतं.

आपल्याकडे हे काम त्याआधी झालेलं आहे, आणि या नावाशिवाय. जामखेडचं उदाहरण घेऊ. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य तिथे आलं. दोघं वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेले. आधी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना गावांत ठेवून पाहिलं. ते नीट जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण मुलगी गावात एकटी, आणि गावाचाही तिच्यावर विश्वास नाही. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर, काही दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या, वयानं पोक्त. ज्यांना गावानं 'हिला काय कळतं' म्हणून बाजूला ठेवलं होतं, अशा.

या बायकांजवळ काय होतं? गावातल्या प्रत्येक घरातलं दुखणं त्यांना माहीत होतं. कुणाच्या घरी किती वाजता चूल पेटते, कोणती सून बाळंतपणाला आलेली आहे, कुणाच्या पोराला हगवण लागली आहे, हे कोणत्याही डॉक्टरपेक्षा त्यांना आधी कळत होतं. ते बळ ओळखलं गेलं. त्या ग्राम आरोग्य सेविका झाल्या. बाळाचं वजन घेऊ लागल्या, बाळंतपणं सुरक्षित करू लागल्या, हगवणीत मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवू लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली काढलेल्या पुस्तकात जगातल्या मोजक्या प्रयोगांबरोबर जामखेडवर प्रकरण आलं. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ साली त्यांचं स्वतःचं पुस्तक आलं.

ही गोष्ट भाषणांत अशी सांगतात: निरक्षर बाईतली शक्ती जागी केली आणि चमत्कार झाला. पण तिचा दुसरा अर्धा भाग पाहा. त्या बाईला ठरावीक दिवशी जामखेडला बोलावलं जाई, तिथे मुक्काम, वेगवेगळ्या जातींच्या बायकांचं एकत्र राहणं, एकत्र जेवणं, शिकणं, आणि मागच्या वेळी काय चुकलं ते मोकळेपणी सांगणं. तिच्या हाताबाहेरचं काही असेल तर मागे रुग्णालय होतं, गाडी होती. गावात शेतकरी मंडळ होतं, महिला मंडळ होतं. १९७२च्या दुष्काळात आधी पाण्याचा प्रश्न घेतला गेला, विंधण विहिरी घेतल्या गेल्या, आणि काही गावांत हातपंप दलित वस्तीत बसले, म्हणजे पाण्यासाठी तिकडे जाणं इतरांना भाग पडलं. पगार म्हणावा असा त्या सेविकांना तिथेही नव्हता, हे आपण लपवू नये. पण ती बाई एकटी नव्हती. तिच्यामागे कुणीतरी एका पायावर उभं होतं.

आता आमच्या एका चुकीबद्दल. वय झालं की चुका सांगायला सोपं जातं असं म्हणतात. तसं काही नसतं.

१९८०च्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा एका महाविद्यालयात शिकवत होतो. एक मुलगा होता, मराठवाड्यातल्या दुष्काळी तालुक्यातला. रात्री एका गोदामावर राखणदारी करायचा, सकाळी वर्गात पहिल्या बाकावर असायचा. डोळे लाल, पण प्रश्न नेमके. आम्हाला त्याचं फार अप्रूप वाटे. आम्ही वर्गात त्याचं उदाहरण द्यायचो. परिस्थितीची रड करणाऱ्यांनो, याच्याकडे बघा, असं म्हणायचो. मुलं वळून बघायची. तो खाली मान घालायचा. आम्हाला वाटायचं, विनय आहे.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यात तो यायचा बंद झाला. आम्ही हळहळलो आणि पुढे शिकवत राहिलो. सहा-सात वर्षांनी एका एसटी स्टँडवर तो भेटला. पाया पडला, चहा पाजला. आम्ही विचारलं, का रे सोडलंस? म्हणाला, मेसचं तीन महिन्यांचं बिल थकलं होतं, सर. आम्ही म्हणालो, अरे, मग सांगायचंस की! तो हसला. म्हणाला, "तुम्ही सगळ्या वर्गापुढं माझं एवढं कौतुक केलं होतं. मग पैसे मागायचे कसे?"

महाविद्यालयात गरजू विद्यार्थ्यांसाठी एक निधी होता. त्या निधीच्या समितीवर आम्ही स्वतः होतो.

पुढे अनेक वर्षं आम्ही या वाक्याचा विचार केला. त्या मुलाचं बळ आम्ही ओळखलं होतं, मनापासून ओळखलं होतं. यादी बरोबर होती. पण ती यादी आम्ही त्याच्यावर लादली, आणि त्यात 'मला जमत नाही' हे लिहायला जागाच ठेवली नाही. अंगदाला 'परत येण्याची खात्री नाही' म्हणता आलं. आमच्या विद्यार्थ्याला म्हणता आलं नाही, कारण आम्ही त्याला आधीच हनुमान ठरवून मोकळे झालो होतो.

यावर कोणी म्हणेल, हा एका मास्तरांचा अनुभव झाला, शास्त्र काय म्हणतं? तर शास्त्राकडे जाऊ. दोनच दाखले घेऊ, पण नीट घेऊ.

पहिला दाखला हवाई बेटांतल्या काउआई या बेटाचा. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी दशकानुदशकं पाठपुरावा केला. त्यातली दोनशेच्या आसपास मुलं अतिशय बिकट परिस्थितीत वाढत होती. गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली भांडणं, आईबापांचे मानसिक आजार किंवा व्यसनं. त्यांतली ७२ मुलं चांगली, जबाबदार, प्रेमळ माणसं म्हणून मोठी झाली. 'रेझिलियन्स' या शब्दाला जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. भाषणांत ही ७२ मुलं फार येतात. 'बघा, तिघांतलं एक मूल परिस्थितीला पुरून उरलं!' पण त्या मुलांजवळ काय होतं, हे वर्नर यांनी नीट मांडलं आहे. काहींचा स्वभाव जात्याच गोड, मिळून-मिसळून वागणारा होता, हे खरं. त्याबरोबर बहुतेकांच्या आयुष्यात निदान एक तरी मोठं माणूस होतं, जे त्यांना धरून होतं. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक. आणि ज्या मुलांचं किशोरवयात बिनसलं होतं, त्यांतलीही बरीच मुलं पुढे तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. कशानं? शिक्षणाची दुसरी संधी, नोकरी, चांगला जोडीदार, एखादी सामावून घेणारी मंडळी. म्हणजे दार उघडलं तेव्हा ती उठली. ७२चं कौतुक करताना उरलेल्यांना 'तुमच्यात बळ कमी पडलं' म्हणणं हा त्या अभ्यासावर अन्याय आहे.

दुसरा दाखला जास्त बोलका आहे. १९६७च्या सुमाराला मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज ते क्रूर वाटतात आणि होतेही. काहीही केलं तरी चुकवता न येणारे विजेचे झटके बसलेली कुत्री, पुढे सुटका शक्य असतानाही पडून राहत. मधला अडसर बुटका होता, उडी मारली की झटका चुकला असता. ती उडी मारत नसत. याला 'शिकलेली असहायता' असं नाव पडलं. हेच सेलिगमन पुढे सकारात्मक मानसशास्त्राचे प्रवर्तक झाले. आता लक्ष द्या. त्या पडून राहिलेल्या कुत्र्यांना बरं कसं केलं? चुचकारून, खाऊ दाखवून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी दोरीनं ओढून त्यांना अडसरापलीकडे न्यावं लागलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आपल्या हालचालीनं झटका थांबतो हे जेव्हा अंगाला कळलं, तेव्हा ती स्वतः उडी मारू लागली.

आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी लिहिलं की आपण मूळ अर्थ उलटा लावला होता. असहायता शिकली जात नाही. संकट लांबलं की गळून जाणं ही प्राण्याची मूळचीच प्रतिक्रिया आहे. जी शिकावी लागते ती गोष्ट म्हणजे 'माझ्या हातात काही आहे' हा अनुभव. स्वतःच्या सिद्धान्ताबद्दल असं लिहायला धैर्य लागतं, ते त्यांनी दाखवलं. आपल्यासाठी यातला धडा असा: खचलेला माणूस कमकुवत नसतो, तो नैसर्गिकपणे वागत असतो. त्याला 'तुझ्यात शक्ती आहे' हे शंभरदा सांगण्यापेक्षा एकदा त्याच्या हातून काहीतरी घडेल अशी व्यवस्था करणं जास्त मोलाचं.

अशी व्यवस्था समाज म्हणून करता येते का? येते. १९७२-७३चा दुष्काळ आमच्या पिढीनं पाहिलेला आहे. लोक चिवट होते यात शंका नाही. पण नुसत्या चिवटपणावर भागलं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं त्या वर्षीच्या दुष्काळी कामांचे आकडे पाहावेत. १९७३च्या मे महिन्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं त्या कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला त्यातून बळ मिळालं, १९७७ साली महाराष्ट्रात कायदा झाला, १९७९ पासून तो अमलात आला. त्या योजनेत गैरव्यवहार झाले, मजुरी उशिरा मिळाली, हे सगळं खरं. तरी तिच्यातला विचार पाहा. तुमचे हात हे तुमचं बळ आहे, हे सरकारनं मान्य केलं, आणि त्या हातांना काम देणं ही आमची जबाबदारी, असंही त्याच कागदावर लिहिलं. तिथे दोन्ही अर्धे भाग होते.

आता उलट उदाहरण. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावोगावी एक आरोग्य कार्यकर्ती नेमली गेली. तिच्या इंग्रजी पदनामाची आद्याक्षरं जुळवून तिला नाव दिलं 'आशा'. तत्त्वज्ञानाच्या माणसाला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळेल? आज देशात अशा सुमारे दहा लाख बाया आहेत, महाराष्ट्रात सत्तर हजारांच्या घरात. जामखेडला जे बळ ओळखलं गेलं, तेच इथे देशभर ओळखलं गेलं. गावची बाई, गावाला ओळखणारी. कोविडच्या काळात त्या दारोदार फिरल्या. २०२२च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. पण सरकारी भाषेत ती 'स्वयंसेविका'. पगार नाही, कामागणिक मोबदला आणि वर थोडं मानधन. २०२१च्या जूनमध्ये, साथ चालू असतानाच, महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं. पुढेही जावं लागलं. मोबदल्यात वाढ झाली ती भांडून झाली.

त्यांना टाळ्या मिळाल्या, हार मिळाले, 'नारीशक्ती' म्हणून पोस्टरवर जागा मिळाली. बळाची यादी अगदी पूर्ण होती. आमच्या विद्यार्थ्याचं तोंड कौतुकानं बंद झालं. या बायांचं झालं नाही, कारण त्या एकट्या नव्हत्या, संघटित होत्या. आम्हाला तर असं वाटतं, की बळाच्या पद्धतीचा खरा पाठ त्या संपात होता. आम्ही बलवान आहोत, म्हणूनच आमचा हिशेब द्या, असं त्या म्हणत होत्या.

आता शब्दांकडे येऊ, कारण शब्द आपला विचार नकळत वळवतात. 'लवचिकता' हा शब्द वस्तूंचा आहे. स्प्रिंग दाबली, सोडली, की मूळ आकारात येते. माणूस मूळ आकारात येत नाही. ज्या आईचं मूल गेलं ती पुढे हसते, जेवते, लग्नाकार्याला जाते, पण ती आधीची बाई नसते. तिला 'पूर्ववत झाली' म्हणणं हा तिचा अपमान आहे. मराठीत याहून चांगले शब्द आहेत. 'तग' आहे, 'उभारी' आहे, 'जिद्द' आहे. पण आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो 'धीर'. याची गंमत बघा. धीर धरता येतो, धीर सुटतो, धीर खचतो, हे सगळं एका माणसाचं झालं. पण धीर देताही येतो. जिद्द कुणी कुणाला देत नाही. धीर मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मयताच्या घरी जाऊन आपण काय करतो? त्यांच्या शक्तींची यादी वाचून दाखवत नाही. शेजारी बसतो, चहा करतो, रात्री थांबतो. त्याला 'धीर दिला' म्हणतात. आपल्या भाषेनं हे केव्हाच ओळखलेलं आहे, की सोसण्याची ताकद पुष्कळदा दोघांच्या मधे असते.

आशेचंही तसंच. आपल्या परंपरेत आशेबद्दल संशय आहे. तिला बेडी म्हटलं गेलं आहे, आणि रोजच्या बोलण्यातही 'आशेला लावणं' म्हणजे फसवणं. तो संशय आम्हाला योग्य वाटतो. ज्या आशेमागे सांगणाऱ्याची काहीच जबाबदारी नसते, ती आशेला लावणंच असते. फ्रेंच तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी दुसऱ्या महायुद्धात, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, आशेवर लिहिलं. पहिल्या महायुद्धात ते रेड क्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांची चौकशी करण्याचं काम करत. घरचे लोक यायचे, विचारायचे, आमच्या मुलाचं काही कळलं का? हातात एक कार्ड असायचं, पण समोर माणूस असायचा. त्या माणसाच्या विचारात पुढे आशा ही 'मला अमुक मिळेल' अशी अपेक्षा राहिली नाही. कुणावर तरी विश्वास ठेवून, आपल्या दोघांसाठी बाळगलेली गोष्ट, असं तिचं रूप झालं. आम्हाला यात जांबवंताचं एका पायावर उभं राहणं दिसतं.

एक आक्षेप राहतो. कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण जिथे आधार देणारं कुणीच नाही, तिथे माणसानं काय करावं? स्वतःच्या बळावरच उभं राहायला नको का? गीतेच्या सहाव्या अध्यायात तर माणसानं स्वतःच स्वतःला वर काढावं असं म्हटलेलं आहे. खरं आहे. पण ते कोण कुणाला म्हणतंय, आणि कुठे बसून? दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्णानं अर्जुनाला त्याच्या शौर्याची आठवण देऊन पाहिली, हे दौर्बल्य तुला शोभत नाही असं म्हटलं. अर्जुनावर परिणाम झाला नाही. तो 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसला. त्यानंतरचा सगळा संवाद हा त्या फसलेल्या पहिल्या प्रयत्नानंतरचा आहे. आणि तो सांगणारा त्याच रथात, घोड्यांचे लगाम हातात घेऊन बसलेला आहे. 'स्वतःला वर काढ' हे वाक्य सारथ्याच्या तोंडी शोभतं. प्रेक्षकाच्या तोंडी शोभत नाही.

म्हणून तुम्हांपैकी जे शिक्षक असतील, समुपदेशक असतील, संस्थांत काम करत असतील, घरात आजारी माणसाची शुश्रूषा करत असतील, त्यांना आमचं सांगणं एवढंच. माणसाचं बळ जरूर विचारा, जरूर लिहा, उणिवांच्या जुन्या यादीकडे परत जाऊ नका. पण लिहून झालं की दोन प्रश्न स्वतःला विचारा. या माणसाला माझ्यासमोर 'मला जमत नाही' असं म्हणता येईल का? आणि याची यादी करून झाल्यावर मी स्वतः काय करणार आहे, ते कुठे लिहिलं आहे? कागदाची दुसरी बाजू कोरी असेल, तर तो कार्यशाळेचा कागद आहे, त्यावर टाळ्या घेऊन घरी जावं.

तो विद्यार्थी आज साठीच्या जवळ असेल. त्यानं पुढे शेती केली, मुलांना शिकवलं, असं त्या स्टँडवर सांगितलं होतं. म्हणजे तो उभा राहिला. त्याचं उदाहरण आम्ही आज पुन्हा दिलं, पण या वेळी त्याच्या बळासाठी नव्हे. तीन महिन्यांचं मेसचं बिल किती असतं, हे आम्हाला त्या वेळी माहीत होतं. ते विचारायला आम्ही त्याच्या बाकापाशी गेलो नाही, एवढंच आम्हाला नोंदवून ठेवायचं होतं.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. पुढच्या खेपेला क्षमेच्या प्रश्नाकडे वळू.